दहावी बंदूक

आमच्या कारखान्यातली सगळ्यात स्वस्त छऱ्याची बंदूक ओळखायला फार अक्कल लागत नाही. हातात घ्या, कानाजवळ न्या आणि हलवा. आत काहीतरी खुळखुळतं. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, काही सुटलंय की काय. सुटलेलं काही नसतं, जे आहे तेच सैल आहे. स्प्रिंगला आतून सरळ धरून ठेवणारी एक नळी असते, ती आमच्याकडे गरजेपेक्षा बारीक काढतात, म्हणून स्प्रिंग आत नाचते. चाप ओढला की छर्रा जातो आणि मागे बंदूक झणझणत राहते, पत्र्याच्या डब्याला लाथ बसावी तशी. लाकडी दस्त्याचे स्क्रू पन्नास छऱ्यांत ढिले होतात. आत दट्ट्या जिथे मागेपुढे पळतो तिथे लेथवर सुटलेला लोखंडाचा चुरा तसाच राहिलेला असतो आणि त्यावर भसाभस तेल ओतलेलं असतं. पहिल्या दहा-वीस छऱ्यांना धूर निघतो. लोक खूश होतात, म्हणतात काय ताकद आहे! ताकद कसली डोंबलाची, तेल जळतंय.

मला हे सगळं ठाऊक, कारण या बंदुका खोक्यात भरते मी. गेली एकोणीस वर्षं. तेलकट कागदात गुंडाळायची, माहितीपत्रक ठेवायचं आणि खोक्यावर 'तपासले' असा शिक्का मारायचा. तपासतं कोण, तर कुणीच नाही. शिक्का मात्र मी सरळ मारते. वाकडा पडला तर माझं डोकं फिरतं.

ही बंदूक नीट कशी करायची हे ठाऊक असलेला माणूस कारखान्यात एकच, आणि तो माझ्या गळ्यात पडलेला. सगळे त्यांना हळूमास्तर म्हणतात. कुणी स्प्रिंग उघडायला लागलं की हे खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडतात, "हळू!" दाबलेली स्प्रिंग सुटली तर दात पाडते, म्हणून. पण नाव पडलं त्याचं खरं कारण वेगळं आहे. जोडणीच्या ओळीत बाकीचे दिवसाला साठ बंदुका जोडायचे तेव्हा आमचे हळूमास्तर दोन जोडायचे. शेवटी भावोजींनी त्यांना कोपऱ्यात एक टेबल दिलं आणि म्हणाले, "मास्तर, परत आलेल्या बंदुका तेवढ्या तुम्ही बघा." त्या टेबलावरून गेलेली बंदूक पुन्हा कधी परत आलेली नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि कारखान्याचे मालक. ऑफिसच्या माडीवर ताई आणि ते राहतात. आमच्या दोन खोल्या आवाराच्या मागच्या अंगाला, जोडणी विभागाच्या भिंतीला पाठ लावून. बाहेर पडायचं तर आवार ओलांडून मोठ्या फाटकातूनच, आणि फाटक नेमकं ताईच्या सज्ज्यासमोर. दूध आणायला निघाले तरी वरून हाक येते, "काय गं, कुठे?" त्यात पाळत नसते, माया असते. पण एकोणीस वर्षं रोज दोनदा 'इथेच जाते' असं उत्तर दिलं की माणसाला खरंच वाटायला लागतं, आपल्याला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही.

भावोजी दुष्ट असते तर फार सोयीचं झालं असतं. पदर खोचून भांडले असते आणि निघाले असते. पण यांची आधीची नोकरी गेली तेव्हा दोन ट्रंका घेऊन आम्ही याच फाटकात उभे होतो, आणि भावोजींनी एक शब्द न विचारता ट्रंका स्वतः उचलून आत नेल्या. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून तीनदा गाडी काढून हॉस्पिटलात आले. ताईच्या दोन्ही मुली माझ्या मांडीवर वाढल्या. अशा माणसाला 'आम्हाला जायचंय' म्हणून सांगायचं तरी कसं? तो विचारेल 'का?' आणि 'का'ला आपल्याकडे उत्तर नाही. श्वास कोंडतो, एवढंच उत्तर. ते काय तोंडावर सांगायचं?

पण श्वास खरंच कोंडत होता. यांचा तर फारच. बंदूक नीट करता येणाऱ्या माणसाने रोज भिंतीपलीकडे साठ बंदुका नासताना ऐकायच्या म्हणजे काय होतं, हे मी शेजारी बसून पाहिलंय. जेवताना मधेच घास थांबायचा. "ऐकलंस? वॉशर बसलेला नाही." मी म्हणायची, "अहो, जेवा." ते म्हणायचे, "एक दिवस मी ती भिंत खाऊन टाकेन." मी म्हणायची, "आधी भाजी खा."

मग मॅडम आल्या. बसने दोन तासांवर नेमबाजीचं एक केंद्र आहे, तिथल्या त्या मुख्य प्रशिक्षक. नवशिक्यांसाठी त्यांनी आमच्या साठ स्वस्त बंदुका घेतल्या होत्या आणि दर महिन्याला पाच-सहा दुरुस्तीला पाठवायच्या. एकदा स्वतःच आल्या. ताठ, तुटक बोलणाऱ्या, गळ्यात चष्म्याची दोरी. थेट कोपऱ्यातल्या टेबलाजवळ गेल्या आणि विचारलं, "या बंदुका इथे येताना एक असतात आणि जाताना दुसऱ्या असतात. करता काय तुम्ही यांचं?"

हळूमास्तरांनी बंदूक उघडून दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारलं होतं. तासभर बोलले. माझ्याशी वर्षभरात बोलत नाहीत एवढं बोलले.

त्यानंतर दोन महिन्यांनी मॅडमचा मला फोन आला. केंद्रात दुरुस्तीसाठी कायमचा माणूस ठेवायचा त्यांचा विचार होता. आवारातच दोन खोल्या, खिडक्यांना मोकळं मैदान. समितीने हो म्हटलं की पुढच्या एक तारखेपासून. मी फोन ठेवला आणि खोक्यांच्या ढिगाऱ्यामागे जाऊन थोडी रडले. मग तोंड धुऊन शिक्के मारायला बसले.

भावोजींना सांगायचं घोडं मात्र अडलं ते अडलंच. हळूमास्तर तीनदा वर गेले. पहिल्यांदा भावोजी म्हणाले, "बरं झालं आलात, बसा, चहा घ्या," आणि हे चहा पिऊन आले. दुसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "मास्तर, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे." परत आले ते चेहरा पाडून. तिसऱ्यांदा काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण येताना हातात ताईने दिलेला लोणच्याचा डबा होता.

"तुम्हाला जमणार नसेल तर मी बोलते ताईशी," मी म्हटलं.

"बोल की," ते म्हणाले. मीही बोलले नाही.

अशात केंद्राचं पत्र आलं. जुन्या साठ बंदुका मोडीत काढून नव्या साठ घ्यायच्या आहेत. गुरुवारी समिती कारखान्यात येऊन नमुन्याच्या दहा बंदुका स्वतः चालवून बघणार. भावोजींचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी लगेच गोदामातून दहा बंदुका काढल्या, बंदुकीच्या नळीवर ठोकलेले त्यांचे नंबर केंद्राला कळवून टाकले आणि बंदुका हळूमास्तरांच्या टेबलावर आणून ठेवल्या.

"या दहा तेवढ्या तुमच्या हाताखालून जाऊ देत," ते म्हणाले. "काय जादू करता ती करा."

त्याच दुपारी मॅडमचा फोन आला. या वेळी आवाज हळू होता.

"अध्यक्षांचं म्हणणं आहे, बंदुका नव्या येणार तर दुरुस्तीला माणूस कशाला? मी म्हटलं, स्वतः चालवून बघा आणि मग ठरवा. नवी बंदूक पाच मिनिटं हातात आली की त्यांना आपोआप कळेल माणूस का हवा ते. गुरुवारी तिथेच निर्णय होईल."

मी फोन ठेवला. सरळ हिशेब होता. बंदुका कारखान्यातून निघतात तशाच ठेवल्या, तर आमची सुटका. चांगल्या करून ठेवल्या, तर आमचं दार बंद.

"हात लावू नका," मी घरी यांना सांगितलं. "एकाही बंदुकीला हात लावू नका. झणझणू द्या सगळ्या."

"आणि साहेबांचं काय?" कारखान्यातल्या विषयावर ते साडूला साहेबच म्हणतात. "चार लोकांसमोर त्यांचं नाक कापायचं? ते माझ्यावर विसंबलेत."

"त्यांचं नाक आणि आपला गळा."

"तू बोलतेस ते बरोबर आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की समजायचं, माणूस ऐकणार नाही.

बरीच घासाघीस झाली. शेवटी मीच मार्ग काढला, आणि अजूनही म्हणेन की मार्ग चांगला होता. नऊ बंदुका नीट करायच्या. दहावी जशी आहे तशी ठेवायची. नऊ उत्तम निघाल्यावर भावोजींची लाज राहील. एखादी नजरेतून सुटली म्हणून कुणी कुणाला फाशी देत नाही. पण मॅडम दहाही चालवणार. दहावी हातात आली की त्यांना फरक कळेल, समितीलाही कळेल, आणि मॅडम विचारतील, "या नऊ कुणी केल्या?" बंदूक तीच, हात वेगळा. माणूस का हवा ते यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

हळूमास्तरांनी बोटांवर गुरुवारपर्यंतचे दिवस मोजले. मग म्हणाले, "चालेल."

सुट्टीच्या दिवशी कारखाना रिकामा होता. मी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्यासोबत बसले. यंत्रं बंद असली की तिथे कसली शांतता असते! त्यांनी प्रत्येक बंदूक कमरेत वाकवून, छर्रा जातो त्या नळीतून आधी उजेडाकडे पाहिलं. स्क्रू काढण्याआधी स्क्रूड्रायव्हरचं टोक कानशीवर घासून त्या स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असं केलं. ही त्यांची जुनी खोड. त्यांच्या हातून स्क्रूच्या डोक्यावर कधी ओरखडा उठत नाही. "उघडलेली बंदूक उघडल्यासारखी दिसली, तर मी कसला कारागीर?" असं ते म्हणतात. मग बंदूक लाकडी चौकटीत आडवी ठेवून स्प्रिंग दाबून धरायची, खिळा काढायचा आणि चौकटीचा स्क्रू फिरवत स्प्रिंगला एक-एक पेर मोकळं करत जायचं. स्वतःलाच पुटपुटत होते, "हळू, हळू."

आतून काय काय निघालं! चुरा, तेलाचा काळा चिखल, आणि एका बंदुकीतून चक्क पुठ्ठ्याचा तुकडा. सगळं पुसून कोरडं केलं. दट्ट्याच्या वाटेतले धारदार कंगोरे घासून काढले. स्प्रिंगची कापलेली टोकं सपाट केली, बारीक कागदाने आरशासारखी घोटली. सैल नळीच्या जागी लेथवर स्वतः काढलेली नवी नळी घातली, स्प्रिंग तिच्यावर अशी बसली की हाताने ओढली तरच हलावी. बोटाच्या टोकावर मावेल एवढंच काळं ग्रीस. दस्त्याच्या स्क्रूखाली दातेरी वॉशर. पुन्हा जोडली, छर्रा घातला, भिंतीवरच्या कागदावर झाडली. नुसतं 'ठप्' असा आवाज. दार हलकेच ओढून घेतल्यासारखा.

"बघ," ते म्हणाले. पाच छर्रे शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत होते. त्यांचा चेहरा असा की मला जवळ जाऊन गालाला हात लावावासा वाटला. लावला नाही, हाताला भाजीचं तेल होतं.

मंगळवारपर्यंत नऊ झाल्या. दहावी मी स्वतः जुन्या चादरीत गुंडाळून टेबलाखाली ठेवली आणि चादरीला गाठ मारली. बुधवारी दुपारी जेवायला बोलवायला गेले तर गाठ सुटलेली, चादर खुर्चीवर, आणि दहावी बंदूक टेबलावर सुटी पडलेली. स्प्रिंग एकीकडे, दट्ट्या एकीकडे, आणि आमचे हळूमास्तर नव्या नळीवर बारीक कागद फिरवत बसलेले. अगदी रमून. मला बघितलं आणि हात थांबला.

"फक्त आत काय आहे ते बघायला उघडली होती," ते म्हणाले.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. फुटले तेव्हा भरपूर फुटले. ते इथे लिहीत नाही.

"तू ऐकायला हवी होतीस," ते म्हणाले. "मी नुसती उचलून जागेवर ठेवत होतो, तर आत खुळखुळली. नऊ गप्प बसलेल्या, आणि ही एकटीच. मला सहन होईना गं. आणि वॉशर बघ हा, अर्धा चेपलेला. हा असा कसा देऊ कुणाच्या हातात?"

"नंबर गेलेत, दुसरी ठेवता येणार नाही. घाला ती जुनी नळी परत! आत्ताच्या आत्ता."

त्यांनी जुनी नळी उचलली. स्प्रिंगमध्ये घातली, हलवली, ती खुळखुळली. पुन्हा बाहेर काढली. 

"आणि चुरा? चुरा परत कुठून आणू? मुद्दाम बिघडवायची म्हणजे..."  त्यांचे हात खरंच थरथरत होते. माणूस चोरी करताना थरथरतो, हे चांगलं काम मोडताना थरथरत होते. माझा राग तसाच होता, पण त्याच्याखाली भीती वाटायला लागली. वाटलं, या माणसाला कुणी कोंडलेलं नाही. हा आपल्याच हातांनी कोंडला जातोय आणि त्याच्यासोबत मी.

"करा मग," मी म्हटलं. "करा पुरी."

त्यांनी पुरी केली. दहातली ती सगळ्यात उत्तम झाली, हे त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. मी तोंड फिरवलं.

गुरुवारी सकाळी अकराला समिती आली. मॅडम, अध्यक्ष आणि आणखी दोघे जण, जे सबंध वेळ फक्त मान हलवत होते. अध्यक्ष गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचे, दर वाक्याला "उत्तम" म्हणणारे. चाचणीच्या लांबट खोलीत दहा बंदुका टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. भावोजींनी नवा कोट घातला होता. ताई सरबताचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती आणि मी तिच्या शेजारी, कारण पॅकिंगचं गोदाम त्याच दाराच्या पलीकडे, दहा पावलांवर. त्यात चारशे बंदुका भरून ठेवलेल्या होत्या. सगळ्या माझ्याच शिक्क्याच्या. सगळ्या खुळखुळणाऱ्या.

मॅडमनी पहिली बंदूक उचलली, हलवली, कान दिला. भुवया वर गेल्या. पाच छर्रे झाडले, ठप्, ठप्, ठप्. दुसरी. तिसरी. सहावीनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. त्या वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. कुठली तरी एक वाईट निघेल म्हणून. दहावी त्यांनी खूप वेळ खांद्याला लावून धरली. झाडली. कागद जवळ आणला तर पाच छऱ्यांचं एकच भोक होतं.

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दस्त्याचे स्क्रू एकेक करून तपासले. उघडलेली बंदूक स्क्रूवरून कळते, हे त्यांना ठाऊक होतं. एकाही डोक्यावर ओरखडा नव्हता. दहाही बंदुकांचे स्क्रू कोरे करकरीत. इतकं नीट काम की झालंय हेच दिसेना. मॅडमनी चष्मा सोडला, तो दोरीवर लोंबकळला.

"या उघडलेल्या दिसत नाहीत," त्या सावकाश म्हणाल्या.

"म्हणजे कारखान्यानेच काम सुधारलंय. उत्तम," अध्यक्ष भावोजींकडे वळले. "तुम्हाला सांगतो, आमच्या मॅडमचा दुरुस्तीला कायमचा माणूस ठेवायचा आग्रह होता. आता गरजच संपली."

"छे छे," भावोजी हसले. "आमच्या बंदुकीसाठी वेगळा माणूस ठेवायची वेळ तुमच्यावर आम्ही कशी येऊ देऊ?"

तेवढ्यात भिंतीशी उभे असलेले हळूमास्तर बोलले. "मी उघडल्यात."

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, "दहाच्या दहा मी उघडल्यात. चार दिवस लागले. जोडणीच्या ओळीतून अशा निघत नाहीत."

 एकोणीस वर्षांत हा माणूस साडूसमोर एवढं मोठं वाक्य बोलला नव्हता. भावोजींचं हसू क्षणभर तोंडावर तसंच राहिलं. मग अध्यक्ष मोठ्याने हसले.

"अहो, मग तर फारच उत्तम! असा माणूस कारखान्यातच असल्यावर आणखी काय हवं? काय साहेब, हे इथेच असतात ना?"

भावोजींनी पुढे होऊन हळूमास्तरांच्या खांद्यावर हात टाकला. त्यात धमकी नव्हती. अभिमान होता, डोळे भरून आले होते त्यांचे. "इथेच म्हणजे? घरचेच आहेत. कुठे जातायत आमचे मास्तर!"

यांचं खरं बोलणं असं हवेत विरून गेलं. ते तसेच उभे राहिले, खांद्यावर तो हात घेऊन. फक्त मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांना कळलं होतं. त्या सरळ माझ्यासमोर आल्या.

"तुम्ही पॅकिंगला आहात ना? मला तुमच्याकडून ऐकायचंय. गोदामातल्या सगळ्या बंदुका अशाच आहेत? की एखादी आणून दाखवता?"

दहा पावलं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. आत जायचं, पहिलं खोकं उघडायचं आणि बंदूक त्यांच्या हातात द्यायची. पाच छऱ्यांत सगळं झालं असतं. अध्यक्षांना आवाज कळला असता, धूर दिसला असता, आणि एक तारखेला आम्ही ट्रंका भरल्या असत्या. भिंतीशी उभ्या असलेल्या यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत मी इतकी आशा त्याआधी कधी पाहिली नव्हती.

आणि माझ्या पाठीवर ताईचा हात होता. ट्रे तिने कधी खाली ठेवला कोण जाणे. लहानपणी आजारी असायचे तेव्हा ठेवायची, तसाच, तळवा पसरून. ती मला काही सुचवत नव्हती, दाबत नव्हती. तिला काही माहीतही नव्हतं. धाकट्या बहिणीला मोठ्या माणसांनी प्रश्न विचारला म्हणून धीर द्यायला ठेवलेला हात.

"हो," मी म्हटलं. "सगळ्या अशाच आहेत."

मॅडमनी एकदा गोदामाच्या दाराकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि वळल्या. पुढचं सगळं झरझर झालं. अध्यक्षांनी तिथेच कागदावर लिहून घेतलं: एकदाच साठ नव्हे, दर वर्षी साठ, आणि प्रत्येक बंदूक मास्तरांच्या हाताखालून गेलेली, सोबत त्यांची सही. "माणूस तुमचा, समाधान आमचं," असं काहीतरी म्हणाले. भावोजींनी सगळ्यांदेखत हळूमास्तरांना मिठी मारली. कोपऱ्यातलं टेबल आता मोठं करू, वर दोन दिवे लावू, हवा तर लेथ वेगळा देऊ. ताई मला म्हणाली, "किती छान उत्तर दिलंस गं! माझी तर बोबडी वळली असती."

संध्याकाळी खोलीत आले तेव्हा हे आधीच आलेले होते. मोरीत उभं राहून साबणाने हातावरचं ग्रीस काढत होते. मी दार लावून घेतलं आणि वाट बघत उभी राहिले. बुधवारी मी त्यांना नको नको ते बोलले होते. एका बंदुकीसाठी, एका खोडीसाठी, स्वतःच्या हाताने आपलं वाटोळं केलंत म्हणून. आता त्यांची पाळी होती, आणि त्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. ओरडावं, भांडी फेकावी, काहीही. त्यांचे हात थरथरले होते तरी त्यांनी निदान खरं सांगितलं होतं. माझे हात जराही थरथरले नव्हते.

पलीकडे दुसरी पाळी सुरू झाली. भिंतीतून जोडणीचे आवाज यायला लागले.

"अहो," मी म्हटलं.

त्यांनी नळ बंद केला. टॉवेलने एकेक बोट पुसलं, नखांच्या कडा पुसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तू तरी काय सांगणार होतीस?"

काय सांगायचं होतं ते आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हा माणूस माझ्याशी खोटं बोलला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मी पानं घेतली. आम्ही समोरासमोर बसून जेवलो, आणि भिंतीपलीकडे काय वाजतंय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.